ताजे कातडे, जुने जनावर

चिलीच्या दक्षिण टोकाकडे, अँडीज पर्वत तुटत तुटत समुद्रात उतरतो तिथे, उल्तिमा एस्पेरान्सा नावाची खाडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेरमान एबरहार्ड हा जर्मन दर्यावर्दी या खाडीकाठी मेंढ्या पाळत होता. १८९५ साली तो आणि त्याचे सोबती जवळच्या डोंगरातल्या एका गुहेत शिरले. गुहा अवाढव्य होती : सुमारे ३० मीटर उंच, ८० मीटर रुंद आणि २०० मीटर खोल. आत त्यांना कातड्याचा एक मोठा तुकडा मिळाला. त्यावरचे राठ, तांबूस-पिवळे केस जागच्या जागी होते. कातडे उलटून पाहिले तर आतल्या बाजूला वालाच्या दाण्यांएवढ्या हाडांच्या गाठी दाटीवाटीने बसवलेल्या. गाय, घोडा, ग्वानाको, सील यांपैकी कोणाचेही कातडे असे नसते. एबरहार्डने ते घरी आणले. येणारे पाहुणे त्याचे तुकडे नेऊ लागले. १८९६ मध्ये स्वीडिश संशोधक ऑटो नॉर्डेनशोल्ड याने एक तुकडा नेला. पुढच्या वर्षी ला प्लाता इथल्या संग्रहालयाचा संचालक फ्रान्सिस्को मोरेनो तिथे पोचला आणि उरलेला मोठा भाग घेऊन गेला. १८९९ मध्ये तो लंडनच्या शास्त्रज्ञांपुढे मांडला गेला.

हे कातडे मायलोडॉनचे होते. म्हणजे आजच्या झाडावर लोंबकळणाऱ्या स्लॉथच्या नात्यातले, पण जमिनीवर वावरणारे, सुमारे तीन मीटर लांब आणि टनाहून जास्त वजनाचे जनावर. विज्ञानाला ते नवे नव्हते. १८३२ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून आलेल्या तरुण चार्ल्स डार्विनने अर्जेंटिनातल्या पुंता आल्ता इथे समुद्रकाठच्या दरडीतून बरीच हाडे खणून काढली होती. त्यातला एक खालचा जबडा रिचर्ड ओवेनने तपासला आणि त्या प्राण्याला ‘मायलोडॉन डार्विनी’ हे नाव दिले. म्हणजे हाडांवरून हा प्राणी अर्धशतकाहून अधिक काळ ठाऊक होता. मात्र हाड दगडासारखे झालेले असले की माणूस त्याला निमूटपणे पुराणकाळात नेऊन ठेवतो. केसांसकट कातडे समोर आले की तेच मन बंदूक घेऊन शिकारीला निघायची भाषा करते. मायलोडॉनच्या अभ्यासाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास बराचसा या एका गोंधळाचा आहे. अवशेष ताजे दिसतात, म्हणून प्राणीही ताजा असणार असे समजायचे, आणि मग एकेका नव्या साधनाने ती समजूत सोडवत बसायचे.

जमिनीवरच्या स्लॉथांच्या बाबतीत हा मोह जुनाच आहे. १७८०च्या दशकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्सजवळच्या लुहान नदीकाठी मेगाथेरियमचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला आणि माद्रिदला रवाना झाला. तिथे हुआन बाउतिस्ता ब्रू याने तो उभा केला, आणि १७९६ मध्ये जॉर्ज क्यूव्हिएने त्याला नाव दिले. पण त्याआधीच स्पेनच्या दरबारातून वसाहतीला हुकूम गेला होता की असला एखादा प्राणी जिवंत पकडून पाठवा, जिवंत नसेल तर निदान पेंढा भरून पाठवा. अमेरिकेत टॉमस जेफरसनच्या हाती व्हर्जिनियातल्या एका गुहेतली मोठाली नखे आली, तेव्हा त्याला आधी तो प्रचंड सिंह वाटला. तोही मेगालोनिक्स हा भूचर स्लॉथच निघाला. निसर्गातून एखादी जात समूळ नाहीशी होते हे जेफरसनला पटत नव्हते. पश्चिमेच्या अज्ञात मुलखात असले प्राणी अजून फिरत असतील अशी त्याला आशा होती. नखांवरून जनावर ओळखण्याचा धोका उलट दिशेनेही घडला आहे. मेळघाट-ताडोबाच्या जंगलात वारुळे फोडणाऱ्या आपल्या अस्वलाला १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने चक्क स्लॉथांच्या प्रजातीत बसवले होते. त्याची लांब नखे आणि वरच्या जबड्यातले समोरचे गायब दात त्याला पुरेसे वाटले.

पातागोनियात मात्र प्रकरण फारच पुढे गेले. फ्लोरेन्तिनो आमेगिनो हा अर्जेंटिनाचा मोठा जीवाश्मशास्त्रज्ञ. एके काळी मोरेनोच्या संग्रहालयात काम केलेला, आणि नंतर त्याच्याशी उभा दावा मांडलेला. १८९८ मध्ये त्याने एक छोटी पुस्तिका काढली आणि ‘निओमायलोडॉन लिस्ताई’ हा भूचर स्लॉथ पातागोनियात आजही जिवंत आहे असे जाहीर केले. त्याचा पुरावा दुहेरी होता. एक, त्याच्या हाती आलेल्या हाडांच्या गाठी. दुसरा, रामोन लिस्ता या प्रवाशाने सांगितलेली हकीकत. लिस्ता सांताक्रूझ प्रांताचा गव्हर्नर राहिलेला माणूस. त्याने एकदा लांब केसांचे, खवल्या मांजरासारखे एक जनावर पाहिले होते, त्यावर गोळ्या झाडल्या होत्या आणि गोळ्यांचा काही उपयोग झाला नव्हता. आमेगिनोचा तर्क असा की चामड्याखाली हाडांचे चिलखत असल्यावर गोळी लागणार कशी? हा तर्क ऐकायला सुरेख आहे. त्यात एकच खोट होती. पुस्तिका निघाली तेव्हा लिस्ताचा खून झालेला होता, आणि त्याची उलटतपासणी करायची सोयच उरली नव्हती.

१८९९ मध्ये रोडोल्फो हाउटाल याने गुहेत खणून आणखी कातडे, हाडे आणि विष्ठेचे मोठाले गोळे मिळवले. गुहेत दगडांची रास भिंतीसारखी रचलेली दिसत होती, शेणाचा थर जाड होता, माणसांच्या वावराच्या खुणाही होत्या. हाउटाल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातून निष्कर्ष काढला की प्राचीन माणसे हे जनावर गोठ्यात बांधून ठेवत असावीत, आणि त्याला ‘ग्रिपोथेरियम डोमेस्टिकम’ म्हणजे पाळीव असे नाव देऊन टाकले. शेण दिसले की गोठा दिसावा हे गुरे राखणाऱ्या कुठल्याही मुलखात समजण्यासारखे आहे. पण दगड छतावरून कोसळलेले होते, आणि माणसांचे थर व मायलोडॉनचे थर एकाच काळातले मानायला आधार नव्हता.

मग वर्तमानपत्र मैदानात उतरले. लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’ने १९०० मध्ये हेस्केथ प्रिचर्ड या लेखक-शिकाऱ्याला जिवंत मायलोडॉन शोधायला पातागोनियात धाडले. त्याने पठार, सरोवरे आणि अँडीजच्या पायथ्याची जंगले पालथी घातली. मायलोडॉनचा केससुद्धा दिसला नाही. १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे प्रवासवर्णन प्रामाणिक आहे. प्राणी हयात असल्याचा कसलाही पुरावा मिळाला नाही असे त्याने साफ लिहिले. तरी कल्पनेने दम सोडला नाही. १९९०च्या दशकात डेव्हिड ओरेन या पक्षिशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या जंगलातल्या ‘मापिंग्वारी’ या दंतकथेतल्या जनावरामागे भूचर स्लॉथ असावा असे मांडले आणि त्याच्या शोधात मोहिमा काढल्या. हाती काही आले नाही. ब्रिटिश लेखक ब्रूस चॅटविनच्या आजीकडे अशाच एका कातड्याचा तुकडा होता. पुंता अरेनासला राहणाऱ्या चार्ली मिलवर्ड या नातलगाने तो पाठवला होता. घरात त्याला डायनासोरचे कातडे म्हणत. त्या कुतूहलातून चॅटविन पातागोनियात गेला आणि १९७७ मध्ये त्याचे ‘इन पातागोनिया’ आले. मायलोडॉनची गुहा पर्यटकांच्या नकाशावर ठळक होण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. आज गुहेच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहिलेला पूर्णाकृती मायलोडॉन आहे आणि लोक त्याच्यासोबत फोटो काढतात.

ताजेपणाचा निकाल लागला तो १९५०च्या सुमारास, विलर्ड लिबी यांच्या शिकागोतल्या प्रयोगशाळेत. कर्ब-१४ पद्धत तेव्हा नुकतीच हाती आली होती, आणि जगभरातून निवडक नमुने मागवले जात होते. त्यात या गुहेतली विष्ठाही होती. वय निघाले सुमारे १०,८०० कर्ब-वर्षे. वातावरणातल्या कर्बाचे प्रमाण पूर्वी वेगळे असल्यामुळे कर्ब-वर्षे आणि कॅलेंडरची वर्षे जुळत नाहीत. दुरुस्ती केली की हा आकडा १२,५०० वर्षांच्या पुढे जातो. थंड हवा, कोरडी गुहा, वर पावसाला अडवणारे छत : एवढ्यावर केस, कातडे, स्नायुबंध आणि शेण बारा-तेरा हजार वर्षे टिकले. ते ताजे नव्हते, फक्त सडले नव्हते.

वयाचा प्रश्न सुटल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. हा प्राणी जगत कसा होता?

शरीराबद्दल फारसा वाद नाही. चालताना तो मागच्या पंजांच्या बाहेरच्या कडेवर भार टाकी. पुढच्या पायांना खणायला, ओढायला सोयीची भक्कम नखे होती. दातांवर मुलामा नव्हता, पण ते आयुष्यभर वाढत राहत. नाकावर हाडाची कमान होती, जी त्याच्या जवळच्या भावंडांत तितकी पूर्ण आढळत नाही. त्वचेतल्या हाडांच्या गाठी मायलोडॉनच्या कुळाची खूण आहे. मेगाथेरियमच्या कातड्यात त्या नव्हत्या.

हा प्राणी काय खात होता, हा मात्र भांडणाचा विषय झाला. जुन्या काळी ओवेनने या कुळातल्या दुसऱ्या एका सांगाड्याचा (तेव्हा त्यालाही तो मायलोडॉनच म्हणे) १८४२ मध्ये सविस्तर अभ्यास केला आणि सांगितले की हे जनावर झाडे मुळासकट उपटून पाडत असे. कवटीला भरून आलेल्या अस्थिभंगाच्या खुणा होत्या. ओवेनच्या मते पाडलेले झाड कधीकधी डोक्यावरच येत असावे. व्हिक्टोरियन विज्ञानात असा निखळ विनोद क्वचित मिळतो, आणि तो ओवेनने गंभीरपणे केलेला आहे.

विष्ठेने वेगळीच गोष्ट सांगितली. १९७८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डी. एम. मूर यांनी गुहेतल्या शेणाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. त्यात मुख्यतः गवत आणि लव्हाळ्यांचे अवशेष होते. झाडपाला नगण्य. म्हणजे झाडे पाडणारा राक्षस जाऊन थंड कुरणात चरणारा प्राणी आला. मग कवटीचा अभ्यास करणाऱ्या अर्जेंटिनाच्या सुसाना बार्गो, सेर्हियो विस्काईनो आणि सहकाऱ्यांनी एक अडचण काढली. गवत ओरबाडून खाणाऱ्या प्राण्याचे तोंड रुंद असते. लेस्टोडॉन, ग्लॉसोथेरियम या भावंडांचे तसे आहेही. मायलोडॉनचे तोंड मात्र अरुंद आहे, निवडून खाणाऱ्यासारखे. शिवाय एवढ्या देहाच्या मानाने दातांचा चावण्याचा पृष्ठभाग कमी. दिवसभर गवत चघळत बसायची ही यंत्रणा नाही.

२०२१ मध्ये हुलिया तेहादा आणि सहकाऱ्यांनी या वादात मांस आणून टाकले. त्यांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये जपलेल्या मायलोडॉनच्या केसांतली अमिनो आम्ले वेगळी केली आणि प्रत्येकातल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. त्यामागचे तत्त्व असे : ग्लुटामिक आम्लातला जड नायट्रोजन अन्नसाखळीत एकेक पायरी चढताना वाढत जातो, फेनिलअलानिनमधला जवळपास तसाच राहतो. दोघांतला फरक पाहिला की प्राणी साखळीत कुठल्या पायरीवर होता ते कळते, आणि जमिनीतल्या नायट्रोजनच्या स्थानिक चढउतारांनी उत्तर बिघडत नाही. त्याच पद्धतीने उत्तर अमेरिकेतल्या नॉथ्रोथेरिऑप्स या भूचर स्लॉथचे केस तपासले तर तो शुद्ध शाकाहारी ठरला. मायलोडॉन मात्र मिश्राहारी निघाला. वनस्पतींबरोबर त्याच्या पोटात प्राणिज अन्नही जात होते.

गंमत म्हणजे मांसाहाराचा संशय याआधी भलत्यावरच घेतला गेला होता. १९९६ मध्ये रिचर्ड फारिन्या आणि एर्नेस्तो ब्लांको यांनी मेगाथेरियमच्या हाताची रचना तपासून तो नखे भोसकू शकत होता, कदाचित मेलेल्या-मारलेल्या जनावरांवर ताव मारत असावा, असे सुचवले. २०१७ मध्ये समस्थानिकांच्या अभ्यासाने त्याला निर्दोष सोडले. मेगाथेरियम पाला-वनस्पतींवरच जगत होता. ज्याच्यावर कोणी बोट ठेवले नव्हते तो मायलोडॉन सापडला.

आता विष्ठेत गवत आणि केसांत मांस, यातले खरे कोणते? हा सामना लावण्याची गरज नाही असे वाटते. विष्ठा एकदोन दिवसांच्या जेवणाचा हिशेब देते, आणि त्यातही जे पचले नाही त्याचाच. गवताचे तंतू उरतात, मांस आणि अंडी मागे काही ठेवत नाहीत. केस महिनोन्‌महिने वाढतात आणि शरीरात गेलेल्या प्रथिनांची नोंद ठेवतात. गवतात प्रथिन कमी असते. म्हणून पोट गवताने भरलेले असतानाही अधूनमधून मिळालेले मांस केसांत ठसठशीत उमटू शकते. टनभर वजनाचा, पंजांच्या कडेवर चालणारा प्राणी ग्वानाकोचा पाठलाग करत होता असे कोणी म्हणत नाही. मेलेली जनावरे हे अधिक शक्य. त्या काळी या भागात आजच्यापेक्षा मोठा जग्वार वावरत होता, आणि त्याच्या शिकारीचे उरलेसुरले मिळण्याची ददात नव्हती. मायलोडॉन स्वतःही त्या शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटत नसे. परिसरातल्या काही गुहांत मोठ्या मांसाहारी प्राण्यांनी ओढून आणलेल्या हाडांत त्याची हाडे आहेत.

नात्यागोत्याचा प्रश्न तुलनेने सरळ सुटला. १९९६ मध्ये स्वांते पेबो यांच्या गटाने भूचर स्लॉथांच्या अनेक नमुन्यांतून डीएनए काढायचा प्रयत्न केला. यश आले ते मायलोडॉनमध्येच, आणि त्याचे श्रेय या गुहेच्या थंडीला. त्यातून दिसले की मायलोडॉन आजच्या दोन बोटांच्या स्लॉथला जवळचा आहे. २०१९ मध्ये एका गटाने प्राचीन मायटोकॉन्ड्रियल जनुकसंच आणि दुसऱ्याने हाडांतली प्रथिने वापरून स्लॉथांचा सगळा वंशवृक्ष नव्याने मांडला, आणि ते नाते कायम राहिले. तीन बोटांचा स्लॉथ मात्र मेगाथेरियम-मेगालोनिक्सच्या बाजूला गेला. म्हणजे आज झाडावर उलटे लटकणाऱ्या या दोन प्रजाती सख्ख्या नाहीत. दोघींनी वेगवेगळ्या जमिनीवरच्या घराण्यांतून निघून झाड गाठले.

उरला सगळ्यात अवघड प्रश्न. हे जनावर गेले कशाने?

उल्तिमा एस्पेरान्साच्या परिसरातून बर्फ मागे सरकला, आणि सुमारे १८,००० वर्षांपूर्वीपासून तिथे थंड, उघडी कुरणे पसरली. मायलोडॉन, जंगली घोडे, उंटाच्या कुळातले प्राणी आणि मोठे शिकारी अशी तिथली वस्ती होती. मग माणूस आला. मायलोडॉनच्या गुहेजवळच्याच ‘कुएवा देल मेदियो’मध्ये माणसांच्या चुली आणि हत्यारे मिळाली. त्याहून दक्षिणेला फेल गुहेत १९३०च्या दशकात ज्युनियस बर्डला माशाच्या शेपटीच्या आकाराची दगडी टोके आणि त्यांच्याबरोबर घोडा व मायलोडॉनची हाडे मिळाली होती. तरी मायलोडॉन मारल्याचा थेट, वादातीत पुरावा या भागात फार तोकडा आहे. अर्जेंटिनाचे पुरातत्त्वज्ञ लुइस बोरेरो यांनी याकडे वारंवार लक्ष वेधले आहे. माणूस आणि मायलोडॉन एकाच मुलखात होते, पण एकमेकांच्या वाटेला फारसे जात नव्हते, असे चित्र त्यांच्या कामातून उभे राहते.

२०१६ मध्ये जेसिका मेटकाफ आणि सहकाऱ्यांनी पातागोनियातल्या मोठ्या प्राण्यांच्या हाडांची वये आणि डीएनए एकत्र मांडला. त्यांच्या मते माणूस आल्यानंतर एक ते तीन हजार वर्षे हे प्राणी टिकून होते. मग सुमारे १२,३०० वर्षांपूर्वी, हवा झपाट्याने तापली तेव्हा, काही शतकांच्या आत बहुतेक जाती संपल्या. त्याच सुमारास उघड्या कुरणांवर दक्षिणी बीचच्या झाडांचे रान चढत होते. कुरण आकसले आणि राहिलेल्या तुकड्यांत माणूसही होता. एकटे हवामान नाही, एकटा माणूसही नाही, असा हा निर्वाळा आहे.

तो बराचसा पटतो, पण दोन्ही बाजूंना सारखे माप घालण्याचे कारण दिसत नाही. हिमयुगांत हवा यापूर्वीही अनेकदा तापली-निवली, आणि भूचर स्लॉथ त्यातून निभावले. या खेपेला नवीन होते ते फक्त माणसाचे येणे. शिवाय कॅरिबियन बेटांचा दाखला आहे. मुख्य भूमीवर सगळीकडे भूचर स्लॉथ संपल्यानंतरही क्युबा आणि हिस्पानिओला बेटांवर ते हजारो वर्षे जगले. २००५ मध्ये डेव्हिड स्टेडमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तिथले शेवटचे स्लॉथ साधारण ४,४०० कर्ब-वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे माणसे त्या बेटांवर पोचली त्या सुमाराचे. हिमयुगाच्या अखेरची उष्णता बेटांनाही लागली होती. त्या उष्णतेने ते मेले नाहीत.

पुरावे इतरत्रही आहेत. अर्जेंटिनाच्या पाम्पा प्रदेशातल्या काम्पो लाबोर्दे इथे दलदलीच्या काठी माणसांनी एक मेगाथेरियम मारून कापल्याच्या खुणा आहेत, आणि २०१९ मध्ये त्याचे वय साडेबारा हजार वर्षांच्या पुढे ठरले. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्समध्ये तर स्लॉथच्या पाऊलखुणांच्या आत माणसाची पावले उमटलेली आहेत. पाठलाग करणारा त्याच्या पावलावर पाऊल टाकत गेला, आणि काही ठिकाणी स्लॉथ मागच्या पायांवर उभा राहून वळल्यासारखा दिसतो. मोठ्या, सावकाश वाढणाऱ्या, कमी पिले देणाऱ्या प्राण्याला संपवायला रोज शिकार करावी लागत नाही. एका पिढीत जन्मांपेक्षा थोडी जास्त मरणे, एवढे शेकडो वर्षे पुरते. अशा संथ ऱ्हासाचे कत्तलखाने सापडत नाहीत. म्हणून पातागोनियात मायलोडॉनची कापलेली हाडे कमी मिळतात, यावरून माणसाला सोडून देणे घाईचे ठरेल.

पुढची उत्तरे बरीचशी त्याच गुहेतल्या थरांतून यायला हवीत. केसांत दिसलेले मांस वर्षभराचे होते की ठरावीक ऋतूचे? रान चढू लागले तेव्हा आहार बदलला का? यासाठी कुठला केस, कुठले शेण, कुठल्या थरातले, हे ठाऊक असावे लागते. पण शोध लागल्यानंतरच्या वर्षांत गुहा हौशी लोकांनी आणि विक्रीसाठी अवशेष गोळा करणाऱ्यांनी मनसोक्त उकरली. बर्लिन, लंडन, ला प्लाता, उप्साला, न्यूयॉर्क इथल्या कपाटांत जे आहे त्यातल्या बऱ्याच भागाला थराची नोंदच नाही. उत्तर अमेरिकेत यापेक्षा वाईट घडले. ॲरिझोनातल्या रॅम्पार्ट गुहेत नॉथ्रोथेरिऑप्सच्या विष्ठेचा हजारो वर्षांचा साठा थरांसकट शाबूत होता. १९७६ च्या उन्हाळ्यात त्याला आग लागली. ती कित्येक महिने धुमसत राहिली आणि साठ्याचा मोठा भाग जळून गेला. पातागोनियातल्या गुहेत अजून काही न खणलेले कोपरे आहेत. तिथला परिसर चिली सरकारने नैसर्गिक स्मारक म्हणून राखला आहे, आणि तिथे खणायला आता परवानगी लागते.